इटली कोणाच्या बाजूनं?

आमच्या घरात रेडिओ आला तो भांडणं घेऊनच आला. त्याआधी आम्हा पिंपळगाव राजाच्या लोकांना भांडायला गावातलेच विषय पुरत होते. कोणाचा बांध कोणी कोरला, कोणाची म्हैस कोणाच्या तुरीत शिरली, कोणाच्या लग्नात कोणाला पाट मिळाला नाही. रेडिओ आल्यावर बांध, म्हैस आणि पाट होते तिथेच राहिले आणि वर अमेरिका, रशिया, चीन यांची भर पडली. बैठकीतल्या कोनाड्यात माझ्या मायनं त्याला जुन्या लुगड्याचा बुरखा शिवून घातला होता. दिवेलागणीला बाबा तो बुरखा देवावरचं वस्त्र उतरवावं तसा उतरवायचे, बटण फिरवायचे, आणि आधी बराच वेळ नुसती खरखर ऐकू यायची. ओट्यावर जमलेली मंडळी ती खरखरसुद्धा माना डोलावत ऐकायची. पलीकडं पिठाच्या गिरणीच्या इंजिनाची पुकपुक चालू असायची. माय तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून परातभर बाहेर पाठवायची. बातम्या संपेपर्यंत शेंगा संपायच्या, आणि मग टरफलांच्या ढिगाभोवती जगाचा न्यायनिवाडा सुरू व्हायचा.

पाकिस्तानशी लढाई नुकतीच थांबली होती. लढाई आपल्या जवानांनी लढली होती खरी, पण ती कोणी कशी लढायला हवी होती हे आमच्या ओट्याला जास्त माहीत होतं. बाबांचा तर जगातल्या प्रत्येक देशाशी वैयक्तिक हिशेब होता. “अमेरिकेनं पाकिस्तानले रणगाडे देल्ले,” ते मांडीवर थाप मारून म्हणायचे, “आन् वरतून सांगतलं, पाय बापा, हे भारतावर चालवजो नोको. मंग काय पाखरं उडवाले देल्ले होते?” चीननं त्याच सुमारास आपल्यावर मेंढरं पळवल्याचा आरोप केला होता आणि ती परत द्या नाहीतर बघा, असा दम भरला होता. ही बातमी ऐकून आमच्या गावचे धनगर महिनाभर अंगात आल्यासारखे हिंडत होते. इंडोनेशिया पाकिस्तानच्या बाजूनं आहे असं कळलं, तेव्हा इंडोनेशिया कुठं आहे हे ओट्यावर एकालाही सांगता आलं नाही. पण शिव्या देण्यासाठी पत्ता लागत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

पाऊस त्या साली नीट झाला नव्हता. रेशनच्या दुकानात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची. तिची भाकर थापायला घेतली की काठानं तडकायची, तव्यावर टाकताना हातातच दोन तुकडे व्हायचे. माय बिचारी गरम पाणी घालून, पीठ मळून मळून तिला वळण लावायची. बाबा अमेरिकेचा उद्धार करून आत जेवायला आले की ती ताट पुढं सरकवून म्हणायची, “घ्या, दुश्मनाची भाकर खाऊन घ्या. ठेचा आपला हाय.” बाबा ठेचा लावून खायचे. मी पुढं आयुष्यभर खामगावला इतिहास शिकवला, जाडजाड पुस्तकं वाचली, पण देश कसे वागतात याचं इतकं थोडक्यात वर्णन मला दुसरीकडं सापडलं नाही.

बाबांचं नाव शंकरराव. ग्रामपंचायतीचे ते सभासद होते. जुने सरपंच प्रकृतीमुळं पायउतार झाले आणि नवीन निवडायची वेळ आली, तेव्हा गावाचे दोन तट उघडे पडले. एका बाजूला बापूसाहेब, मोठे जमीनदार, आमच्या हायस्कूलच्या संस्थेचे अध्यक्ष. दुसऱ्या बाजूला अण्णाजी, कापसाच्या जिनिंगचे मालक. दोघांचं वैर जुनं होतं, इतकं की ते कशावरून सुरू झालं यावरही त्यांचं एकमत नव्हतं. समोरासमोर आले तर एक जण रस्ता बदलायचा, आणि रस्ता कोणी बदलायचा यावरून त्यांचे गडी हमरीतुमरीवर यायचे. महायुद्धाच्या काळात बापूसाहेबांनी इंग्रजांच्या युद्धफंडाला सढळ हातानं मदत केली होती, आणि स्वातंत्र्य मिळालं त्या सकाळी गावात पहिला झेंडाही त्यांनीच फडकवला होता. अण्णाजींच्या जिनिंगमधली रुई तंबूंसाठी इंग्रजांच्या पलटणीला गेली आणि तीच रुई खादीवाल्यांनाही गेली. रुईला काय, ती दोन्हीकडं पांढरीच.

पंचायतीत दोघांकडं सारखीच मतं होती. मधे उरले आमचे बाबा. आतापर्यंत ज्यांना कोणी बैठकीत पुढं बसा म्हणालं नव्हतं, त्या बाबांना अचानक दोन्ही वाड्यांवरून बोलावणी येऊ लागली. बाबांनी त्या दिवसांत एक शब्द रेडिओवरून उचलला होता, अलिप्त. “आपुन अलिप्त,” ते छाती काढून सांगायचे. “जे देशाचं धोरण, तेच आपलं.” आणि मग अलिप्तपणे बापूसाहेबांकडं पुरणाचे मांडे खाऊन यायचे, आणि तितक्याच अलिप्तपणे अण्णाजींकडं बेसनाच्या पातोडीचा रस्सा ओरपून यायचे. परत आल्यावर मायसमोर दोन्हीकडच्या स्वयंपाकाची तुलना चालायची. मिलोची भाकर थापता थापता माय ती तुलना ऐकायची.

एका दुपारी बापूसाहेब स्वतः आमच्याकडं आले. चहा मीच बैठकीत नेऊन ठेवला. बाबा कानात सांगावं तसं म्हणत होते, “माह्यं मत तुमालेच. शब्द देला. फक्त उपसरपंचाचं तेवढं ध्यानात ठेवजा.” दोनच दिवसांनी, बापूसाहेब शेगावला गेल्याचं पाहून, अण्णाजी मागल्या दारानं आले. पुन्हा मीच चहा नेला. पुन्हा तोच स्वर, तेच शब्द, तोच उपसरपंच. मी स्वयंपाकघरात आले तेव्हा माय चुलीत फुंकर घालत होती. धुरानं लाल झालेल्या डोळ्यांनी तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “तुह्या कानाइले काई आयकू आलं काय?” मी म्हटलं, “नाई.” ती म्हणाली, “मलेबी नाई.” आमच्या घरातल्या बायकांची अलिप्तता ही अशी होती, आणि ती बाबांच्या अलिप्ततेपेक्षा पुष्कळच खरी होती.

याच सुमारास आमच्या हायस्कूलच्या हेडमास्तरांच्या डोक्यात स्नेहसंमेलनाची कल्पना आली. दांडेकर सर पुण्याचे. माणूस सज्जन, पण आमची भाषा त्यांच्या कानात खडे टाकल्यासारखी पडायची. “‘मले’ नव्हे, ‘मला’. ‘काऊन’ नव्हे, ‘का’,” असं ते दिवसभर सांगत, आणि संध्याकाळी थकून एकटेच नदीकडं फिरायला जात. लढाईमुळं सगळीकडं देशांची चर्चा चाललीच आहे, तर दोन्ही महायुद्धांत कोणता देश कोणत्या बाजूला होता हे मुलांना रंगमंचावरून शिकवावं असं त्यांनी ठरवलं. कार्यक्रमाचं नाव ‘जगाचा दरबार’. एकेक देशानं येऊन उभं राहायचं, न्यायाधीश झालेले सर त्याला विचारणार, ‘तू कोणाच्या बाजूचा आणि का?’, आणि देशानं पाठ केलेलं उत्तर द्यायचं.

देशांची वाटणी झाली तो दिवस मला लख्ख आठवतो. इंग्लंड बापूसाहेबांच्या पुतण्याला मिळालं, कारण हॅट त्यांच्याच घरी होती. अमेरिका अण्णाजींच्या मुलाला, कारण काळा चष्मा त्याच्याकडं होता. आखाड्यात जाणारा एक दांडगा मुलगा जर्मनी झाला. रशिया, फ्रान्स, जपान पटापट गेले. इटली मात्र कोणी घेईना. सरांनी वर्गात शिकवलं होतं की, पहिल्या महायुद्धाआधी इटलीनं जर्मनी-ऑस्ट्रियाशी सोयरीक केली, लढाई लागल्यावर घरात बसून राहिली, मग पलीकडच्यांनी गुपचूप जमीन देऊ केली तेव्हा पलीकडून लढली. दुसऱ्या युद्धात फ्रान्स पडायला आल्यावर जर्मनीच्या गाडीत चढली, आणि ती गाडी कलंडायला लागल्यावर उडी मारून पुन्हा पलीकडं गेली. हे ऐकल्यावर कोणता मुलगा इटली होणार? “सर, पळपुटा देश नोको,” असं एकेक जण म्हणाला. सरांनी वर्गात नजर फिरवली आणि म्हणाले, “मग मुलींपैकी कोणीतरी.” वर्गात आम्ही मुली दोनच होतो, मी आणि माझी मैत्रीण सुमन. इटली मला मिळाली.

तेवढ्यात सुमननं विचारलं, “सर, भारत कोन?”

सरांच्या यादीत भारत नव्हताच. “भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता,” ते म्हणाले. “त्यामुळे तो इंग्लंडच्या मागे उभा राहील. तू हो.”

“मी काय बोलू?”

“काही नाही. तू फक्त उभी राहा. आणि इंग्लंड दमलं की त्याची हॅट धर.”

“पन सर, दोन्ही लढाया आपन लढलोच ना? मंग आपल्याले कोनी इचारलं?”

“इंग्लंडनं आपल्या वतीनं जाहीर करून टाकलं,” सर म्हणाले, आणि जरा खाली पाहून पुढं म्हणाले, “परीक्षेत हे विचारत नाहीत.”

मला पाठ करायला दिलेली वाक्यं अशी होती: ‘मी इटली. मी लोभी आहे. जिकडे लाभ, तिकडे मी. माझ्या या वर्तनाची इतिहासाने नोंद घेतली आहे.’ मी ती घरी गोठ्याजवळ बसून घोकत होते, तेव्हा मोठेबाबा बैलांना सरकी घालत होते. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आजोबांशी कशावरून तरी कडाक्याचं भांडण झालं, रागाच्या भरात खामगावला गेले, तिथं फौजेची भरती चालली होती, आणि तसेच भरती झाले. पुढं त्यांनी ट्रक चालवला, आधी मिसरच्या वाळवंटात आणि मग इटलीत. कोण कोणाशी आणि कशासाठी लढतंय हे भरती होताना त्यांना ठाऊक नव्हतं, आणि परत आल्यावरही नक्की सांगता येत नव्हतं. ते परत आले तेव्हा गाव जर्मनीच्या बाजूचं होऊन बसलं होतं. जर्मनी इंग्रजाला मारतो, म्हणजे तो आपला, इतकं साधं गणित. जर्मनी तोवर हरला होता, पण गावापर्यंत तो पुरता हरायला अजून वेळ होता. मोठेबाबांना ‘इंग्रजाचा माणूस’ म्हणून टोमणे बसले. टोमणे मारणाऱ्यांत युद्धफंडवाले बापूसाहेबही होते.

“काय घोकून राह्यली व पोरी?” मोठेबाबांनी विचारलं. मी वाक्यं म्हणून दाखवली. ते घमेलं खाली ठेवून हसले. मोठेबाबा फार कमी हसायचे आणि हसले की खोकायचे.

“आमी बोटीत चढलो तवा सायेब म्हने, इटली दुश्मन हाय, दिसला का गोळी झाडा. बोट उतरली तवा सायेब म्हने, इटली आता दोस्त हाय, हात मिळवा. आमी दर्यातच होतो ना बापा, मधातल्या मधात काय झालं आमाले काय ठाऊक?” मग ते बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि बोलत गेले. इटलीबद्दल ते माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते. डोंगराच्या कडेला एका बाईचं शेत होतं. थंडी इतकी की ट्रकचं पाणी गोठायचं. त्या बाईच्या घरात काही दिवस जर्मन राहून गेले होते, ते गेल्यावर हे आले. तिनं त्यांना मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं लाकडी पाटावर ओतून वाढलं. जर्मनांनाही तेच वाढलं होतं, त्याच पाटावर. तिचा एक मुलगा जर्मनांबरोबर गेला होता आणि दुसरा त्यांच्याविरुद्ध डोंगरात लपून लढत होता.

“मी हातवारे करून तिले इचारलं, तू कोनाकडून? तिनं आधी दोन बोटं दाखवली, दोन पोरं म्हून. मंग मले हाताले धरून मांगं नेलं. लाकडाच्या ढिगाखाली एक डुक्कर लपवून ठेवलं होतं. जर्मनाइपासून लपवलं, आमच्यापासून लपवलं. मले कायले दाखवलं कोनास ठाऊक. मी खेड्यातला मानूस हाय हे तिले समजलं असन. त्या डुकराच्या पाठीवर हात ठेवून ती म्हने, मी याच्याकडून.” मोठेबाबांचा आवाज जरा खाली गेला. “तुह्या मास्तरले सांग, ती लोभी नव्हती. तिले कोनी इचारलंच नव्हतं.”

संमेलन दुपारचं होतं. शाळेच्या मैदानात बाजा आणि फळ्या मांडून स्टेज केलं होतं, वर कापूस वाळवायची ताडपत्री ताणली होती. सारं गाव लोटलं होतं, कारण दुसऱ्याच दिवशी सरपंचाची निवड होती आणि कोण कोणाशेजारी बसतो हे पाहण्यात देशांपेक्षा जास्त रस होता. पुढच्या रांगेत अध्यक्ष म्हणून बापूसाहेब आणि देणगीदार म्हणून अण्णाजी. दोघांना शेजारी बसवणं शक्य नव्हतं, तेव्हा सरांनी मधल्या खुर्चीवर एका निरुपद्रवी माणसाला बसवलं. तो माणूस म्हणजे आमचे बाबा. धुतलेलं धोतर, नवी टोपी. दोन्ही बाजूंना वळून ते सारखंच हसत होते.

इंग्लंड आलं, हॅट काढून ‘मी न्यायासाठी लढलो’ म्हणालं, आणि टाळ्या घेऊन बसलं. रशियानं आपण आधी जर्मनीशी करार करून शेजाऱ्याचा मुलूख वाटून घेतला आणि मग जर्मनीनं आपल्यावरच चाल केल्यावर न्यायाची बाजू घेतली, असं एका दमात सांगितलं. अमेरिका काळा चष्मा लावून उशिरानंच आली आणि सगळ्यांत मोठ्यानं बोलली. सुमन, म्हणजे भारत, इंग्लंडच्या मागं हॅट धरून उभी होती, आणि ऊन तिरपं होऊन ताडपत्रीखाली शिरल्यावर तिनं सरळ ती हॅट स्वतःच्या डोक्यावर घातली. लोक हसले. मग माझी पाळी आली.

सरांनी न्यायाधीशाच्या आवाजात विचारलं, “इटली, तू कोणाच्या बाजूची?”

मी तोंड उघडायच्या आत मागून, पारावर बसणाऱ्या टोळक्यातून कोणीतरी ओरडलं, “शंकररावाची पोरगी हाय! दोन्हीकडची असन!”

मैदानात हशा पिकला. बाबांची टोपी हलली. माझ्या डोक्यातली पाठ केलेली वाक्यं पाखरं उडावी तशी उडाली. ‘मी इटली, मी’ इतकं आठवलं आणि पुढं पांढरं. सरांनी हळूच सुचवलं, “लोभी... लोभी...” मला ते म्हणवेना. मोठेबाबा मागं कडुलिंबाखाली उभे होते ते दिसले, आणि माझ्या तोंडून जी भाषा निघाली ती सरांची नव्हती.

“सर, मले कोनी इचारलंच नाई,” मी म्हटलं. “वरच्याइनं सोयरीक एकासंग केली, जेवले दुसऱ्याच्या घरी, आन् शब्द दोघाइले देल्ला. मी आपली चुलीपाशी होती. एक आला, त्याले वाढलं. दुसरा आला, त्यालेबी वाढलं. आपुन कोनाकडून हे मले रेडिओवर समजलं.”

आधी हसू आलं, मग ते मधेच थांबलं. मी कोणत्या देशाबद्दल बोलत होते ते त्या शांततेत मलाच पहिल्यांदा ऐकू आलं. पुढच्या रांगेत बापूसाहेब हळूहळू डावीकडं वळले. अण्णाजी हळूहळू उजवीकडं वळले. मधे बाबा होते. कितीतरी वर्षांत एकमेकांशी न बोललेले ते दोन पुरुष माझ्या बाबांच्या टोपीवरून एकमेकांशी बोलले.

“तुमालेबी शब्द देला काय?” बापूसाहेबांनी विचारलं.

“हाव,” अण्णाजी म्हणाले. “तुमालेबी?”

“मांडे खाऊन देला.”

“आमच्याकडं पातोडी खाऊन.”

आणि दोघंही हसायला लागले. बाबांना वाटलं प्रसंग निभावला, म्हणून तेही हसले. तेवढ्यात बापूसाहेब उठले, अण्णाजींच्या पलीकडच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले, आणि दोन डोकी एकत्र आली. स्टेजवर अजून बॉम्ब पडायचा होता. जपान शरण येईपर्यंत खाली त्यांचा तह होऊन गेला होता. सरपंच बापूसाहेबांचा, उपसरपंच अण्णाजींचा. दुसऱ्या दिवशी पंचायतीत सगळे हात एकदम वर गेले, एकमतानं. बाबांचाही. हात वर न करून सांगतात कोणाला?

मी तेव्हा मुद्दाम बोलले का, असं पिंपळगावची माणसं मला अजून विचारतात. मुद्दाम नव्हतं, पण त्याबद्दल मला कधी वाईटही वाटलेलं नाही. टीव्हीवर आज एखादा देश दुसऱ्याला मिठी मारताना दिसतो आणि त्या मिठीत तिसरा कोणी चिरडलेला असतो, तेव्हा मला तो चिरडलेला ओळखीचा वाटतो. टोपी नवी असते आणि तो हसत असतो.

निवडीच्या दिवशी बाबा घरी आले. मायनं पाणी दिलं, ते घेतलं नाही. मोठेबाबा ओसरीत दोरखंड वळत बसले होते. बाबांनी माझ्याकडं न पाहता सांगितलं, “उद्यापासून इची शाळा बंद. लय शिकली. बापाचं नाक कापन्यापुरती शिकली.”

मोठेबाबा म्हणाले, “शंकर, पोरगीनं काय खोटं सांगतलं?”

“भाऊ, तुमी कोनाच्या बाजूनं बोलून राह्यले?”

“पयल्यांदाच समजून-उमजून बोलून राह्यलो,” मोठेबाबा म्हणाले. “तुह्या पोरीच्या.”

“घर माह्यं हाय. शाळा बंद म्हनलं म्हनजे बंद.” आणि बाबा आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. मी रडले नाही. रडण्यापेक्षा मोठी भीती वाटत होती. आमच्या गावात मुलीची शाळा एकदा सुटली की पुन्हा धरता येत नसे. सुमनच्या मोठ्या बहिणीचं तसंच झालं होतं. चारच महिन्यांनी तिची वरात निघाली होती.

सकाळी मी भांडी घासायला बसले, तेव्हा मायनं माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं. ती न्हाऊन तयार होती. सणाचं हिरवं लुगडं नेसली होती. “दप्तर घे,” म्हणाली. बाबा दातण करत अंगणात उभे होते. त्यांनी विचारलं, “कुठी चालली?”

“इच्या शाळेत.”

“मी काल काय सांगतलं?”

“आयकलं मी.” मायनं पदर सारखा केला. तिचा आवाज वर चढला नाही. “अवो, या घरात येऊन मले इतकी वर्सं झाली. तुमी, भाऊजी, मामंजी, कोनाचं भांडन झालं तरी मी कोनाच्या बाजूनं बोलली नाई. दोघं येऊन गेले, दोघाइचा चहा मी केला. गावात हूं का चूं केलं नाई. तुमाले वाटलं, इले बाजूच नाई. मले बाजू हाय. हे पाहा, इथी उभी हाय, दप्तर घेऊन.”

बाबांच्या तोंडात दातण तसंच राहिलं. मग ते बाजूला थुंकले आणि आडावर निघून गेले. त्यांनी होकार दिला नाही, पण वाटही अडवली नाही. पुढं कित्येक महिने ते माझ्याशी धड बोलले नाहीत. मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी मात्र ओट्यावर त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा होता. जिंकलेल्या बाजूला यायला बाबांना कधी उशीर झाला नाही.

माय लग्नानंतर कधी बाजाराच्या रस्त्यानं पायी गेली नव्हती. देवळात जायचं तरी मागल्या गल्लीनं. त्या सकाळी ती मला घेऊन भर रस्त्यानं चालली. पारावर नेहमीची मंडळी बसली होती. माझ्यावर ओरडणारा त्यातलाच कोणी असणार. आम्हाला येताना पाहून त्यांचं बोलणं थांबलं. मायनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिच्या जोडव्यांचा आवाज तेवढा येत होता, आणि तिची बोटं माझ्या मनगटाला इतकी घट्ट होती की वळ उठले.

शाळेच्या दारात दांडेकर सर उभे होते. आम्हाला पाहून ते गडबडले. संमेलनात झालेल्या प्रकारानं अध्यक्ष रागावतील या भीतीनं त्यांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं असं नंतर कळलं. वास्तविक अध्यक्ष त्यांच्यावर भलतेच खूश होते. सरांनी हात जोडले. मायनंही जोडले. पुण्याच्या माणसाशी काय बोलावं हे तिला ठाऊक नव्हतं. पण बोलायचं ठरवून आली होती.

“मास्तर, इले तुमी इटली केलं ना?”

“हो, म्हणजे... त्या दिवशी जरा...” सर शब्द शोधू लागले.

“पुढच्या साली कोनता देश देता?”

सरांनी माझ्याकडं पाहिलं, मायकडं पाहिलं. चष्मा काढून पुसला. “पुढल्या वर्षी देश नाही, बाई,” ते म्हणाले. “पुढल्या वर्षी हिची मॅट्रिक आहे.”

“मंग तेच द्या,” माय म्हणाली, माझं मनगट सोडलं, आणि त्याच भर बाजाराच्या रस्त्यानं एकटी घरी गेली.